वजन विचारलंत, आठवडे विचारले का?

बाळ झालं की लोक पहिल्यांदा विचारतात मुलगा की मुलगी आणि लगेच पुढचा प्रश्न, वजन किती. बाळ लवकर आलं असेल तर मग सगळं घर त्या वजनाच्या मागेच लागतं, आज वीस ग्रॅम वाढलं, काल दहा कमी झालं. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना मात्र त्याच्या जोडीने आणखी एक आकडा हवा असतो, बाळ किती आठवड्यांचं आहे, म्हणजे आईच्या पोटात किती आठवडे राहून आलं?

समजा दोन बाळं आहेत, दोघांचंही वजन 1800 ग्रॅम. एक 32 आठवड्यांना आलं, दुसरं 38. दोघंही 2500 ग्रॅमच्या खाली म्हणून कागदावर दोघांपुढे 'कमी वजन' असंच लिहिणार. पण पहिलं त्याच्या वयाच्या मानाने बरोबर वाढलेलं आहे, फक्त घाई झालीये. दुसरं पूर्ण दिवसांचं आहे पण आत त्याला पोटभर मिळालेलं नाही, बऱ्याचदा वार (प्लासेंटा) नीट काम करत नसते किंवा आईचं बीपी वाढलेलं असतं. या दुसऱ्याची फुप्फुसं सहसा तयार असतात, त्याची काळजी असते ती साखर उतरण्याची आणि अंग गार पडण्याची, कारण अंगात साठाच नाही.

पहिल्याचं खरं दुखणं फुप्फुसात. आपल्या फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर असतो, तो नसेल तर ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे ते फुगे चिकटून बसतात आणि प्रत्येक श्वासाला नव्याने उघडावे लागतात. अशा बाळाकडे नुसतं बघितलं तरी कळतं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे नुसता त्रास नाही बरं का, हवा घशाशी अडवून फुगे उघडे ठेवायची बाळाची धडपड असते ती.

1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साधारण साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन 2.1 किलो, म्हणजे काही अगदी कमी नाही, तरी याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. सर्फॅक्टंट कमी पडतं हे अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी एलन एव्हरी यांनी 1959 मध्येच दाखवलं होतं, पण औषध कुठे होतं? 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, आणि 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळांच्या श्वासनळीत थेट सर्फॅक्टंट सोडून बघितलं, ते चाललं.

बाकीचं पण आठवड्यांवरच. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिघांचा मेळ साधारण 34 आठवड्यांना बसतो, तोवर दूध नळीने. श्वास घ्यायचंच विसरतात काही बाळं, त्यांना कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच! डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही, बाहेरून डोळे छान दिसत असले तरी.

आणि ऊब. अंग गरम ठेवणारी चरबी शेवटच्या आठवड्यांत साठते, लवकर आलेल्याकडे ती नसते. कोलंबियातल्या बोगोटामध्ये 1978 च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, तीच कांगारू पद्धत. आधी नियम असा की बाळ स्थिरावलं की मग द्यायचं. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास आला, 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच छातीशी धरलं तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू साधारण 25 टक्क्यांनी कमी झाले. मला वाटतं मशिनच्या गर्दीत आईला बाहेर बसवणं ही आपली मोठी चूक होती.

घरी आल्यावरही आठवडे सुटत नाहीत. दोन महिने आधी आलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं आणि अजून आधाराशिवाय बसत नाही म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना सुरू होते, पण वाढ बघताना त्याचं वय सहा महिनेच धरायचं असतं, निदान दोन वर्षांचं होईपर्यंत. आणि सहा महिन्यांचं बाळ जरासं डुगडुगत, हात टेकून बसलं तर ते ठीकच आहे.