सेकंडरी अँटीबॉडी, चमकणारी (फ्लो सायटोमेट्रीतली)

फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन त्यांची चमक मोजणं. त्यात पेशीवरचं प्रथिन ओळखायला आधी लावतात ती प्रायमरी अँटीबॉडी, आणि त्या प्रायमरीलाच जाऊन धरणारी, अंगाला चमकता रंग जोडलेली ती सेकंडरी. प्रायमरी उंदराची असली तर सेकंडरी बहुतेक बकरीची, कारण बकरीला उंदराचं इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीचं प्रथिन) टोचलं की तिचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. गावात घरोघरी बकऱ्या पाहिलेल्या आपल्या बीएस्सीच्या पोट्ट्यांना हे सांगितलं की ते लगेच डोक्यात बसतं.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण १९४१-४२ च्या सुमाराचं अल्बर्ट कून्स यांचं हार्वर्डमधलं काम धरतात, पण तेव्हा रंग लावलेली अँटीबॉडी थेट अँटिजेनलाच (जे शोधायचं त्यालाच) चिकटत होती, म्हणजे आजच्या भाषेत ती प्रायमरीच झाली. अँटीबॉडीवर अँटीबॉडी ही युक्ती १९४५ च्या कूम्ब्स चाचणीत, म्हणजे लाल रक्तपेशींना चिकटलेल्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीत आहे (कून्स वेगळे, कूम्ब्स वेगळे), आपल्याकडे सिकलसेलच्या पेशंटला वारंवार रक्त चढवावं लागतं तेव्हा ब्लड बँकेत हीच चाचणी कामाला येते, आणि तिचंही मूळ १९०८ मधल्या मोरेस्की या संशोधकाच्या कामापर्यंत नेतात. रंग आणि दुसरा थर एकत्र आले ते १९५४ मध्ये, वेलर आणि कून्स यांच्या कांजण्या-नागिणीच्या विषाणूवरच्या कामात, असं मानणं जास्त पटतं.

फ्लो सायटोमीटरमध्ये सेकंडरी आली ती साधारण १९७० च्या आगेमागे, स्टॅनफर्डला हर्झेनबर्ग यांच्या गटाकडे. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर एफआयटीसी हा रंग ५२० च्या आसपास हिरवा चमकतो, पीई हा दुसरा रंग ५७५ जवळ नारिंगी.

एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात म्हणून सिग्नल वाढतो, हा मोठा फायदा. पण माणसाच्या रक्तात बी पेशींवर (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) स्वतःचंच इम्युनोग्लोब्युलिन असतं, सेकंडरी त्यालाही धरू शकते आणि नसलेलं प्रथिन दिसायला लागतं, म्हणून मानवी प्रथिनांवरून गाळून घेतलेली, म्हणजे त्यांना धरणारा भाग काढून टाकलेली सेकंडरीच घ्यावी आणि नुसती सेकंडरी टाकलेली एक ट्यूब दर वेळी ठेवावीच, ती वाचवू नये. एकाच ट्यूबमध्ये उंदराच्या दोन प्रायमरी असल्या तर ती दोघींनाही धरते, त्यामुळे आता जास्त रंगांच्या कामात थेट रंग जोडलेल्या प्रायमरीच वापरतात.

साठवण २ ते ८ अंशांत, अंधारात. पीई जोडलेली कधीच गोठवू नये. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ पार जातो अन् लाइनही जाते, तेव्हा पार्सल आल्याबरोबर फ्रिजमध्ये आणि शीशीला फॉइल.