छापील नियतकालिकाची वर्गणी ऑनलाइन करून घेताना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

बहुतेक संशोधनपत्रिकांचे वर्गणी-वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असल्यामुळे नाशिकमधील महाविद्यालयीन ग्रंथालये पुढील वर्षाच्या नूतनीकरणाचे काम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाती घेतात. छापील अंकाऐवजी ऑनलाइन वाचनाची सोय हवी असल्यास तिचा अर्ज याच काळात, नूतनीकरणाची रक्कम भरण्यापूर्वी, करणे इष्ट आहे. अंक रवाना होऊ लागल्यानंतर केलेला बदल प्रकाशक बहुधा पुढच्या वर्षापासूनच लागू करतात.

अर्जापूर्वी आणखी एक चौकशी आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र व राज्य शासनाच्या उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली करण्यात आली असून, त्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. विद्यापीठे व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिचे समन्वयन करते. आपली संस्था आणि हवी असलेली पत्रिका दोन्ही या योजनेच्या यादीत असतील, तर स्वतंत्र ऑनलाइन वर्गणी भरणे म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मोजणे होय. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांनी महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके व पुस्तके पुरवणाऱ्या, इन्फ्लिबनेटच्याच एन-लिस्ट उपक्रमाच्या सदस्यत्वातून काय उपलब्ध होते, ते आधी पाहावे.

पात्रतेचा मुख्य निकष असा की, चालू वर्गणी संस्थेच्या नावाने आणि संस्थात्मक दराने घेतलेली असली पाहिजे. एखाद्या प्राध्यापकाने वैयक्तिक दराने घेऊन ग्रंथालयाला भेट दिलेल्या अंकांच्या आधारे संस्थेला ऑनलाइन प्रवेश मागता येत नाही. तेथे नवी वर्गणीच घ्यावी लागते. दुसरा प्रश्न ठिकाणांचा. नाशिकमधील मोठ्या शिक्षणसंस्थांची महाविद्यालये निफाड, सिन्नर, मनमाड अशी जिल्हाभर पसरलेली आहेत. परंतु एका ठिकाणासाठीचा परवाना त्याच आवारापुरता असतो. मुख्य कार्यालयाने एक वर्गणी भरून सर्व शाखांना ती वापरू देणे हा कराराचा भंग ठरतो आणि त्यामुळे प्रवेश स्थगित होण्याची शक्यता असते. अनेक ठिकाणांचा दर स्वतंत्रपणे मागवावा.

कागदपत्रांमध्ये संस्थेच्या शीर्षपत्रावर ग्रंथपाल व प्राचार्य यांच्या स्वाक्षरीचा अर्ज, त्यात वर्गणीदार क्रमांक आणि पत्रिकेचा आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), चालू वर्षाच्या देयकाची व पावतीची प्रत, ग्रंथालय समितीचा ठराव, आणि दर वाचकसंख्येवर ठरत असल्यास विद्यार्थी व शिक्षकसंख्येचा प्राचार्यांचा दाखला यांचा समावेश होतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगवेगळे असतात, म्हणून दोन्ही लिहावेत. वर्गणी पुरवठादारामार्फत घेतली असल्यास अर्ज त्याच्याकडे देऊन प्रत प्रकाशकाला पाठवावी, कारण प्रकाशकाच्या नोंदीत पुष्कळदा पुरवठादाराचेच नाव असते आणि वर्गणीदार कोण याचा उलगडा होण्यातच आठवडे जातात.

करासंबंधीचे कागद या बदलात सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. छापील नियतकालिकांवर वस्तू व सेवा कर नाही. ऑनलाइन सेवेवर मात्र तो सर्वसाधारणपणे १८ टक्के दराने लागतो. कायद्याने मान्य पदवी वा तत्सम अर्हतेचे शिक्षण देणाऱ्या संस्थांना ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांच्या पुरवठ्यावर जानेवारी २०१८ पासून सूट आहे. शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे महाविद्यालयाने विद्यापीठाच्या संलग्नतेचा दाखला अर्जासोबतच जोडावा आणि दरपत्रकात कराची ओळ स्वतंत्र दाखवण्यास सांगावे. वाचनालयाने अंदाजपत्रकात कराची रक्कम धरूनच तुलना करावी. केवळ मूळ दर पाहून ऑनलाइन वर्गणी स्वस्त वाटणे स्वाभाविक असले, तरी अंतिम आकडा वेगळा असू शकतो.

अर्जातील तांत्रिक भाग म्हणजे संस्थेचा आयपी पत्ता, अर्थात तिच्या इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक. प्रकाशक बहुतेक वेळा याच पत्त्यावरून वाचक ओळखतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा, १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा पत्ता हा अंतर्गत जाळ्याचा असतो आणि तो कळवल्यास काहीही सुरू होत नाही. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता घेऊन, त्याबाबतचे तिचे पत्र अर्जाला जोडावे. साध्या ब्रॉडबँड जोडणीचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे स्थिर पत्त्याचा वार्षिक खर्चही ठरावात नमूद असावा. घरून वाचन करणाऱ्यांसाठी इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ प्रवेशव्यवस्था चालेल काय, हे प्रकाशकाला लेखी विचारावे.

त्यानंतर येणारा परवाना करार बारकाईने वाचणे हे माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच लिपिकाच्या सहीवर उरकले जाते. छापील अंक एकदा दाखल झाला की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होतो. बांधणी करून कपाटात ठेवला तर वर्गणी बंद झाल्यावरही वाचायला मिळतो. ऑनलाइन वर्गणीत वाचनाचा हक्क मिळतो, आणि तो किती काळ टिकेल हे करारच ठरवतो. म्हणून वर्गणी थांबल्यानंतर, पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पाहता येतील काय, जुने खंड त्याच दरात समाविष्ट आहेत की त्यांची किंमत वेगळी, आणि सदस्य नसलेल्या पण ग्रंथालयात प्रत्यक्ष आलेल्या वाचकाला संगणकावर लेख पाहण्याची मुभा आहे काय, या तीन गोष्टींची उत्तरे करारात शब्दशः असावीत. प्रतिनिधीने दूरध्वनीवर दिलेले आश्वासन लेखापरीक्षणात उपयोगी पडत नाही.

शासकीय अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता असलेल्या ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथांबरोबर नियतकालिकांचाही विचार होतो. छापील अंक बंद केल्याने आपल्या वर्गाच्या निकषावर परिणाम होतो काय, याची जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून लेखी खात्री केल्याशिवाय ठराव करू नये.

मंजुरीनंतर प्रोफॉर्मा बीजक, म्हणजे रक्कम भरण्यापूर्वीचे प्राथमिक देयक, येते. रक्कम भरताना जानेवारी ते डिसेंबरची वर्गणी दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते, याची टीप लेखा शाखेला द्यावी. प्रवेश सुरू झाल्याचे पत्र आल्यावर संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडले एवढ्यावर समाधान न मानता, ग्रंथालयातील संगणकावरून चालू अंकातील आणि जुन्या खंडातील प्रत्येकी एक लेख पूर्ण उतरवून (डाउनलोड करून) पाहावा. लेखाचा सारांश वर्गणी नसतानाही सर्वांनाच दिसतो, त्यामुळे तेवढ्याने प्रवेश सुरू झाल्याची खात्री होत नाही. चालू वर्षाचे न मिळालेले छापील अंक मात्र तत्काळ लेखी मागवावेत, कारण गहाळ अंकाची तक्रार करण्याची मुदत प्रकाशकागणिक वेगळी व बहुधा मोजक्या महिन्यांची असते आणि बदलाच्या गडबडीत ती उलटून जाते.