गोवर (नाशिक परिसर)

पॅरामिक्सोव्हायरस कुलातील मॉर्बिलीव्हायरस प्रजातीच्या विषाणूमुळे होणारा, श्वासावाटे पसरणारा तीव्र संसर्गजन्य रोग. ताप आणि अंगावर उठणारे लाल पुरळ ही त्याची ठळक लक्षणे होत. बोलीभाषेत कोणत्याही लाल पुरळाला गोवर म्हणतात. मात्र पाण्याने भरलेले फोड येणाऱ्या कांजिण्या आणि ‘जर्मन गोवर’ म्हणून ओळखला जाणारा रुबेला हे वेगळ्या विषाणूंचे रोग आहेत.

माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात (साधारणतः सातवे–आठवे शतक) मसूरिकेच्या, म्हणजे देवीसारख्या फोडांच्या रोगांच्या, प्रकरणात ‘रोमान्तिका’ नावाचा विकार आला आहे. आधी ताप, मग रोमरंध्रांच्या ठिकाणी बारीक लालसर उंचवटे, सोबत खोकला व अरुची असे त्याचे वर्णन असल्याने तो गोवरच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. देवी व गोवर यांतील फरक विस्ताराने मांडण्याचे श्रेय दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अल्-राझी या वैद्याला दिले जाते.

विषाणूच्या उगमाचा काळ मात्र वादाचा आहे. गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांड्या रोगाच्या विषाणूचा निकटचा आप्त आहे, याविषयी मतभेद नाहीत. हे दोन विषाणू अकराव्या–बाराव्या शतकात विभक्त झाले असावेत, असे अनुमान २०१० मधील एका जनुकीय अभ्यासात निघाले होते. पुढे बर्लिन येथे १९१२ साली मरण पावलेल्या एका बालिकेच्या जतन केलेल्या फुप्फुसातून विषाणूचा जनुकसंच मिळवण्यात आला आणि २०२० मध्ये ही तारीख इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेण्यात आली. अर्थात त्या अंदाजाच्या दोन टोकांत हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. गोवर अखंड टिकून राहण्यास सुमारे अडीच ते पाच लाखांची सलग लोकवस्ती लागते, असे गणित मांडले जाते आणि मोठी नगरे त्याच सुमारास वाढीस लागली होती. त्यामुळे जुनी तारीख अधिक ग्राह्य वाटते. तथापि विषाणू विभक्त होण्याचा काळ आणि तो माणसात येण्याचा काळ एकच असेल असे नाही, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. बुळकांड्यांचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाले. गोवर मात्र टिकून आहे.

संसर्गानंतर साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी पुरळ उठते. त्याआधी ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे ही लक्षणे असतात. गालाच्या आतील बाजूस दिसणारे पांढुरके ठिपके अमेरिकन बालरोगतज्ज्ञ कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये वर्णिले. पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली पसरते. पुरळाच्या आधीचे चार व नंतरचे चार दिवस रुग्ण संसर्गकारक असतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो.

‘गोवर अंगाबाहेर निघाला पाहिजे’ या समजुतीने मुलाला पांघरुणात गुंडाळून ठेवणे, अंघोळ व औषध टाळणे आणि दाराला कडुलिंबाचा पाला बांधणे हे प्रकार अजून आढळतात. पाल्याने अपाय नाही. औषध टाळल्याने होतो. विषाणूवर नेमके औषध नसले तरी भरपूर पातळ पदार्थ, नेहमीचा आहार, तापावर पॅरासिटामॉल आणि अ जीवनसत्त्व हे उपचाराचे मुख्य भाग आहेत. अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी देतात. एक वर्षावरील मुलास प्रत्येकी २ लाख एकक, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळास १ लाख. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती न्यूमोनिया किंवा कानाच्या जंतुसंसर्गासारख्या गुंतागुंतीसाठी असतात. श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे, पाणी न पिणे किंवा डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकेपणा येणे ही रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत. शिवाय गोवराने आधीच्या रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती काही काळ पुसली जाते, त्यामुळे पुरळ गेल्यावरही मूल वारंवार आजारी पडू शकते.

एंडर्स व पीबल्स या अमेरिकन संशोधकांनी १९५४ मध्ये विषाणू वेगळा केला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत लस उपलब्ध झाली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून, दुसरी मात्रा २०१० पासून आणि गोवर–रुबेला अशी एकत्र लस २०१७ पासून आली. महाराष्ट्रातील मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. पहिली मात्रा वर्षानंतर दिल्यास ते प्रमाण अधिक असते, परंतु तोवर थांबणे येथील परिस्थितीत परवडणारे नाही. लस जिवंत व क्षीण विषाणूंची असल्याने पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान हलका ताप किंवा पुरळ येऊ शकते. ते लस बिघडल्याचे चिन्ह नव्हे. कुपी फोडून द्रावण तयार केल्यावर ती चार तासांत वापरावी लागते, उरल्यास टाकून देतात. त्यामुळे ‘आज मुले कमी आहेत, पुढच्या वेळी या’ असे पूर्वी पुष्कळदा ऐकू येई. एका मुलासाठीही कुपी फोडावी, अशी आता सूचना आहे.

नाशिक जिल्ह्यात दोन भूभाग या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. गिरणा–मोसम संगमावरील मालेगाव हे दाट वस्तीचे यंत्रमागाचे शहर असून, २०२२ च्या अखेरीस मुंबई व भिवंडीबरोबर तेथेही गोवराचा उद्रेक झाला. त्या वेळी केंद्र सरकारने बाधित भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा आणि लहान बाळांत रोगाचे प्रमाण अधिक असेल तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना ‘शून्य मात्रा’ देण्याची सूचना केली. शून्य मात्रा नियमित दोन मात्रांत धरली जात नाही, ही बाब पालकांच्या लक्षात येत नाही. दुसरा भाग पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांचा. तेथील कुटुंबे द्राक्षहंगामात दिंडोरी, निफाडकडे मजुरीला जातात आणि दुसऱ्या मात्रेचे वय याच स्थलांतरात निघून जाऊ शकते. लसीकरणाचे कार्ड जवळ असल्यास ही मात्रा कामाच्या गावच्या उपकेंद्रातही विनामूल्य घेता येते. कार्ड हरवले असले तरी लस नाकारायची नसते.