एक्स्टेन्शनचा अर्ज टाकलाय, उत्तर आलेलं नाही: तोवर कॅनडात काय चालतं आणि काय नाही

परमिटवरची तारीख उलटून गेली, पण आयआरसीसीचं, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाचं, उत्तर नाही. कॅनडातल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींची आज हीच अवस्था आहे. आम्हा इमिग्रेशन सल्लागारांकडे येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न असतो, "मी आता इथे कायदेशीर आहे ना?" बहुतेकांना आम्ही ‘हो’ म्हणतो. मात्र इथे राहणं, इथे काम करणं आणि बाहेर जाऊन परत येणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. एक आहे म्हणजे तिन्ही आहेत असं धरून चाललात तर घोळ होतो. हे पत्रक त्यासाठीच आहे.

राहणं

मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत तुमचा मुक्काम आपोआप वाढतो. इमिग्रेशन नियमावलीच्या कलम १८३ मध्ये ही तरतूद आहे. तिला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. जुनी मंडळी अजून ‘इम्प्लाइड स्टेटस’ म्हणतात, गोष्ट तीच. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, फी नाही आणि कार्डही मिळत नाही. म्हणून अर्ज दाखल झाल्याची पोच आणि फीची पावती त्याच दिवशी पोर्टलवरून उतरवून घ्या. तुमचा पुरावा तोच.

अर्ज वेळेत हवा आणि पूर्णही हवा. यातली दुसरी अट लोक विसरतात. फी कमी भरली, फॉर्मवर सही राहिली, यादीतला एखादा आवश्यक कागद जोडला नाही, तर अर्ज नाकारला जात नाही, तो परत पाठवला जातो. परत आलेला अर्ज केलाच नव्हता असं धरतात. समजा तुमचं परमिट ३१ ऑगस्टला संपत होतं, अर्ज २५ ऑगस्टला टाकला आणि तो ऑक्टोबरात अपूर्ण म्हणून परत आला. म्हणजे १ सप्टेंबरपासून तुम्ही स्टेटसबाहेर आहात, आणि दरम्यान केलेलं काम परवानगीशिवाय केलेलं ठरतं. आयआरसीसी निदान ३० दिवस आधी अर्ज करायला सांगते. आमचा आग्रह तीन महिने आधीचा आहे आणि तो आम्ही सोडत नाही.

अर्जाला बसण्याआधी पासपोर्टची तारीख बघा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. पासपोर्टला आठ महिने उरले असतील तर तीन वर्षांचं परमिटही आठ महिन्यांचंच हातात येईल, आणि पुन्हा सगळी कसरत. आधी पासपोर्ट नवा करून घ्या.

काम आणि शिक्षण

वर्क परमिट संपण्याआधी नव्या वर्क परमिटचा अर्ज केला असेल, तर जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. जुन्याच अटींवर, हे नीट वाचा. परमिटवर मालकाचं नाव असेल तर त्याच मालकाकडे, त्याच कामावर. नव्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, अर्जही टाकला, म्हणून सोमवारपासून तिकडे रुजू व्हायचं नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आधी आम्हाला विचारा. ओपन वर्क परमिट, म्हणजे ठरावीक मालकाशी न बांधलेलं परमिट, असेल तर हे बंधन नाही.

अर्ज कुठल्या प्रकारचा आहे यावरही बरंच ठरतं. वर्क परमिट संपत आलं म्हणून कुणी व्हिजिटर म्हणून मुदतवाढ मागितली, तर त्याला राहता येईल, पण जुन्या परमिटची तारीख संपली की काम बंद. स्टडी परमिटचंही तसंच. अभ्यासक्रम चालू ठेवायचा तर अर्ज स्टडी परमिटच्या नूतनीकरणाचाच हवा.

शिक्षण पूर्ण करून पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटसाठी अर्ज केलेल्या मुलांना निकालापर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. त्यासाठी अर्ज स्टडी परमिट चालू असताना केलेला असावा आणि शिकताना कामाच्या तासांची मर्यादा मोडलेली नसावी. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी स्टडी परमिट आपोआप निकामी होतं, मग त्यावर पुढची कुठलीही तारीख छापलेली असो. ही बाब मुलांच्या लक्षात येत नाही, म्हणून पालकांनीही ध्यानात ठेवावी.

वर्क परमिटचा ऑनलाइन अर्ज केल्यावर खात्यात एक पत्र येतं, एचआरवाले त्याला डब्ल्यूपी-एक्सटी लेटर म्हणतात. ते मालकाला द्या. त्यावरची तारीख उलटली आणि निर्णय अजून यायचा असेल, तर कामाचा हक्क संपत नाही. एचआर ऐकत नसेल तर आम्ही त्यांना लेखी समजावून देतो. या काळातलं काम पुढे पीआरच्या (कायमस्वरूपी रहिवासाच्या) अर्जात अनुभव म्हणून धरलं जातं, तेव्हा पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

गावी जाऊन येणं

सगळ्यात जड प्रश्न हाच. घरी वडील हॉस्पिटलात असतात, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, आणि आम्हाला सांगावं लागतं की जमलं तर थांबा. वर्क परमिटच्या मुदतवाढीसाठी कामाची जी सवलत वर सांगितली, ती कॅनडातच राहिलेल्या माणसासाठी आहे. देश सोडला की ती संपते. व्हिसा चालू असेल तर विमानतळावरचा अधिकारी तुम्हाला आत घेऊ शकतो, पण नवं परमिट हाती येईपर्यंत काम करता येणार नाही, आणि तोवरच्या खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागेल.

पासपोर्टमधला व्हिसा आत येण्यापुरता असतो. कॅनडात असताना तो संपला तर मुक्कामाला धक्का नाही. बाहेर गेलात तर मात्र तो चालू हवाच, नाहीतर मुंबईत विमानातच बसू देणार नाहीत. जाणं टळण्यासारखं नसेल तर तिकीट काढण्याआधी फोन करा, रविवार असला तरी.

नकार आला तर

नकाराचा निर्णय झाला त्याच दिवशी मेंटेन्ड स्टेटस संपतं. शिफ्ट अर्धी राहिली असली तरी काम थांबवा. तिथून ९० दिवसांत ‘रेस्टोरेशन’चा, म्हणजे स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्याची फी वेगळी, निकालाची खात्री नाही, आणि तो प्रलंबित असताना काम किंवा शिक्षण दोन्ही बंद.

"मी मध्ये दुसरा अर्जही टाकून ठेवलाय," असं काही जण सांगतात. तो मूळ परमिट संपण्याआधी टाकला असेल तर उपयोगी आहे. मेंटेन्ड स्टेटसवर असताना टाकलेला दुसरा अर्ज पहिला नाकारल्यावर तुम्हाला वाचवत नाही.

आई-बाबांसाठी

नातवंडांसाठी आलेल्या आजी-आजोबांच्या पासपोर्टवर परतीची तारीख लिहिलेली नसेल, तर मुक्काम आल्या दिवसापासून सहा महिन्यांचा. तो संपण्याआधी व्हिजिटर रेकॉर्डचा, म्हणजे पाहुणा म्हणून मुक्काम वाढवून देणाऱ्या कागदाचा, अर्ज करा, की ते निर्णयापर्यंत निर्धास्त राहू शकतात. त्यांचा वैद्यकीय विमा मात्र आपोआप वाढत नाही, तो लगेच वाढवा.

अर्ज कोण भरतंय?

पैसे घेऊन इमिग्रेशनचं काम करण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार, वकील, लॉ सोसायटीचे सदस्य असलेले पॅरालीगल आणि क्युबेकचे नोटरी यांनाच आहे. ओळखीतला कुणी "फॉर्मवर माझं नाव नको" म्हणत असेल तर त्याच्या हाती कागद देऊ नका. अर्ज कुणीही भरून दिला असला तरी खोट्या माहितीचा ठपका अर्जदारावर येतो. आमचा परवाना क्रमांकही सल्लागारांना परवाना देणाऱ्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक यादीत तपासून मगच या.

भेटीला येताना सध्याचं परमिट, पासपोर्टची सगळी पानं, अर्जाची पोच, फीची पावती आणि आयआरसीसीकडून आलेली सगळी पत्रं आणा. अर्ज दुसऱ्या कुणी भरला असेल तर त्याची प्रतही मागून घ्या. ती मिळत नसेल तरी या, विभागाकडून मागवता येते.