ट्रुमन ‘जज’ होते, पण न्यायाधीश नव्हते

हॅरी ट्रुमन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधी न्यायाधीश होते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. घोळ सगळा एका शब्दाचा आहे.

पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन, मग कॅन्सस सिटीत बुडालेलं कपड्यांचं दुकान आणि १९२२ मध्ये मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) ‘जज’ म्हणून निवड. पेंडरगास्ट या स्थानिक पुढाऱ्याच्या गटाचा पाठिंबा होता, हेही खरं.

पण तिथलं तेव्हाचं ‘काउंटी कोर्ट’ म्हणजे तीन जणांचं प्रशासकीय मंडळ. आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळ जाणारं. खटले नाहीत, आरोपी नाहीत; कर, रस्ते, पूल, इमारती. कायद्याची पदवीही ट्रुमन यांच्याकडे नव्हती. रात्रीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकून त्यांनी ते सोडलं.

१९२४ मध्ये ते हरले, १९२६ मध्ये मंडळाचे प्रमुख झाले. खरं काम इथून पुढचं. खड्ड्यांत गेलेल्या रस्त्यांसाठी त्यांनी १९२८ मध्ये ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले आणि काँक्रीटचे रस्ते बांधले. नव्या कोर्टाची इमारत कशी असावी हे ठरवायला गाडी घेऊन ते थेट लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टपर्यंत गेले. १९३४ मध्ये सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले ते याच कामाच्या शिदोरीवर. त्यांना न्यायाधीश म्हटलं, की हे सगळं झाकलं जातं.