सर्वोच्च न्यायालय : रचना व अधिकारांतील सुधारणा

भारतात वेगळे घटना न्यायालय नाही. राज्यघटनेचा अर्थ लावणे आणि देशभरातील अपिले ऐकणे ही दोन्ही कामे सर्वोच्च न्यायालयच करते, आणि सुधारणांची बहुतेक मागणी या दुहेरी ओझ्यातून आली आहे. १९५० मध्ये सरन्यायाधीशांसह ८ असलेली न्यायाधीशसंख्या २०१९ मध्ये ३४ झाली. तरीही बहुसंख्य प्रकरणे दोन-तीन न्यायाधीशांपुढेच चालतात. किमान पाच जणांचे घटनापीठ क्वचित बसते.

अधिकारांवर सर्वांत मोठा घाला १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने घातला. कायदा घटनाबाह्य ठरवायला किमान सात न्यायाधीश आणि दोन-तृतीयांश बहुमत लागू लागले. केंद्रीय कायद्याची वैधता तपासण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकारही गेला. म्हणजे अशा कायद्याविरुद्ध ठाण्याच्या माणसाला मुंबईत दादच मागता येईना. दिल्ली गाठणे भाग पडले. नागरिकाला न्यायालयापासून दूर ढकलणारी ही तरतूद ४३व्या दुरुस्तीने रद्द झाली, हे फार बरे झाले.

नेमणुका १९९३ पासून न्यायवृंदाच्या, म्हणजे सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाच्या, शिफारशीने होतात. त्याऐवजी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्दबातल ठरला. अंतर्गत कारभाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केलेले न्या. अभय ओक यांनी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त होताना त्यावर नेमके बोट ठेवले : उच्च न्यायालयांचा कारभार न्यायाधीशांच्या समित्या पाहतात, सर्वोच्च न्यायालय मात्र सरन्यायाधीश-केंद्रित आहे आणि हे बदलायला हवे.

सामान्य पक्षकाराला सर्वाधिक जाचतो तो पल्ला. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरचा दावा अपिलात उच्च न्यायालयात गेला, तर लोकलने फोर्ट गाठता येते. पुढे विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) करायची, तर ठाण्यातला आपला वकील ती स्वतः दाखल करू शकत नाही. त्यासाठी 'अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड', म्हणजे सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्यासाठी नोंदलेला वकील, लागतो आणि त्याचे कार्यालय सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीपासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते. दोन वकिलांची फी, शिवाय तारखांचा प्रवास. विधी आयोगाने २००९ च्या २२९व्या अहवालात घटनापीठ दिल्लीत ठेवून अपिलांसाठी चार विभागीय पीठे सुचवली. त्यांतले एक मुंबईत होते. शिफारस अमलात आली नाही. दिल्लीबाहेर बसण्याची मुभा मूळ घटनेतच आहे : अनुच्छेद १३० नुसार राष्ट्रपतींच्या मंजुरीने सरन्यायाधीश अन्य ठिकाण ठरवू शकतात.