ॲटलास पतंग दिसला, पण तो राहतो कुठे?

पाऊस सुरू झाला की कोकण आणि घाटमाथ्यावरून एक बातमी हमखास येते, अमुक गावात दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला, सोबत भिंतीवर पंख पसरून बसलेल्या भल्यामोठ्या तांबूस पतंगाचा फोटो, आणि मग तो फोटो दोन-चार दिवस सगळ्या ग्रुपवर फिरत राहतो. मला या बातम्या मनापासून आवडतात कारण एरवी पतंगाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं त्या दिवशी थांबून बघतात. फक्त वाईट याचं वाटतं की फोटोत जे सगळ्यात कामाचं असतं तेच बातमीत नसतं. तो नर होता की मादी, पंख कोरे होते की झिजलेले, आजूबाजूला झाडं कुठली होती. एवढं कळलं ना, की तो पतंग नुसता कुठे दिसला हेच नाही तर राहतो कुठे याचाही बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी ओळख पटवू. आकारावर जाऊ नका, आकार फसवतो. मोठी मादी पंख पसरून 24 सेंटीमीटरपर्यंत भरते, म्हणजे ए-फोर कागदाच्या रुंदीपेक्षा जास्त, पण सुरवंट असताना खायला कमी मिळालं असेल तर तोच पतंग बराच लहान राहतो. बघायच्या त्या पंखांवरच्या खिडक्या. चारही पंखांच्या मधोमध एकेक त्रिकोणी पारदर्शक डाग असतो, त्याला काळी कड असते, आणि तिथे पंखाला रंग देणारे बारीक खवलेच नसतात म्हणून पतंग पानावर बसला असेल तर त्या त्रिकोणातून मागचं हिरवं पान आरपार दिसतं. दुसरी खूण पुढच्या पंखाचं टोक. ते बाहेरच्या बाजूला वळलेलं, पिवळसर-गुलाबी, त्यात एक काळा ठिपका, आणि थोडं लांबून बघितलं तर सापाचं डोकं वाटावं असं. शत्रूला घाबरवायला हे असावं असं मानतात, आणि डिवचल्यावर हा पतंग जमिनीवर पडून पंख संथपणे हलवत राहतो ते बघितलं की पटतंसुद्धा.

गोंधळ होतो तो त्याच्या भाऊबंदांशी, कारण सॅटर्निड नावाच्या या कुळात सगळेच थोराड. टसर रेशमाचा पतंग आपल्या जंगलात भरपूर, पण त्याच्या पंखांवर गोल डोळे असतात, त्रिकोण नाही. मून मॉथ फिकट पोपटी आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या, त्यात चुकायला जागाच नाही. खरी गल्लत एरी रेशमाच्या जंगली नातेवाइकांशी होते, म्हणजे सामिया गटातल्या पतंगांशी, रंग तसाच, टोक तसंच वळलेलं, पण पंखावर त्रिकोणाऐवजी चंद्रकोर. त्रिकोण की कोर एवढं बघा, बस. हिमालयात आणि ईशान्येकडे एडवर्ड्स ॲटलास नावाचा आणखी एक गडद तपकिरी पतंग आहे, तो आपल्याकडे सह्याद्रीत नाही.

आता जात कुठली. बातम्यांमध्ये सरसकट अटॅकस ॲटलास लिहिलेलं असतं. ही जात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये नोंदवली, ती हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत आणि पुढे पार इंडोनेशियापर्यंत पसरलेली. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत मात्र तिची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी जात आहे, अटॅकस टॅप्रोबॅनिस, तिचं वर्णन ब्रिटिश कीटकतज्ज्ञ फ्रेडरिक मूर यांनी 1880 च्या दशकात केलं. पश्चिम घाटातले पतंग म्हणूनच या दुसऱ्या नावाने नोंदवलेले दिसतात. दोघी इतक्या सारख्या की नुसत्या मोबाईलच्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर मी तरी सावधच राहीन, आणि म्हणूनच फोटोइतकंच ठिकाण महत्त्वाचं. ठिकाण नसलेला फोटो म्हणजे अर्धी माहिती. आणि हो, जगातला सगळ्यात मोठा पतंग ही पदवीसुद्धा याच्या एकट्याच्या नावावर नाही, पंखांच्या लांबीत अमेरिका खंडातला व्हाइट विच नावाचा पतंग पुढे जातो आणि न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडचा हर्क्युलिस मॉथ आकारात याच्या तोडीस तोड आहे.

नर-मादी ओळखणं सोपं आहे, मिशा बघायच्या, म्हणजे डोक्यावरच्या दोन स्पर्शिका. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या फुललेल्या, मादीच्या बारीक. मादीचं पोट फुगीर, अंड्यांनी भरलेलं, पंखही जास्त गोलाकार. हा फरक काही उगाच नाही, अख्खं जगणं त्यावर चालतं. कोषातून बाहेर आलेल्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं, सोंड निकामी असते, त्यामुळे सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर एक-दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात जोडी जमवून अंडी घालायची. मग शक्ती जपायला हवी. मादी जड, ती फार हिंडत नाही, कोषाच्या आसपासच एखाद्या फांदीला लटकते आणि रात्री पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीतून गंध सोडते. तो गंध वाऱ्यावरून कितीतरी लांब जातो आणि नर त्या फुललेल्या मिशांनी तो टिपून काही किलोमीटरवरूनसुद्धा येऊ शकतो.

इथेच त्या बातमीतल्या फोटोचा उपयोग होतो. समजा भिंतीवर मादी बसलीय, पंखांच्या कडा अखंड, रंग गडद, खवले शाबूत, म्हणजे ती काल-परवा कोषातून निघालेली असणार आणि तो कोष जवळच्याच कुठल्यातरी झाडावर असणार. म्हणजे सुरवंट तिथेच वाढला, म्हणजे ते झाड, ती वाडी, ती राई हेच तिचं घर. याउलट झिजलेल्या पंखांचा नर सापडला तर तो कुठून आला सांगणं कठीण, तो गंधामागे निघाला असेल आणि वाटेत दिव्याने अडवला असेल. एकाच गावात दरवर्षी ताज्या माद्या दिसतात तर तिथे पतंगाची वस्ती आहे, आणि मग दुर्मिळ म्हणायचं कशाला? तो वर्षातला बहुतेक काळ अंडं, सुरवंट नाहीतर कोष असतो आणि पंखवाला पतंग म्हणून जेमतेम पंधरवडा. आपल्याला तो पंधरवडाच दिसतो, तोही रात्रीचा, तोही दिवा असला तर.

दिव्याचं म्हणाल तर 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात एक छान अभ्यास छापून आला. उडणारे कीटक आपली पाठ उजेडाच्या दिशेला ठेवून तोल सांभाळतात, आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं तोवर हे अगदी बरोबर चालतं, पण दिवा बाजूला किंवा खाली आला की ते पाठ तिकडे वळवतात आणि मग त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. ज्याच्याकडे जेमतेम एक-दोन आठवड्यांची शिदोरी आहे त्याची एक रात्र दिव्याभोवती गेली तर किती गेलं याचा विचार करा. म्हणून अंगणात असा पतंग आला तर फोटो काढा आणि बाहेरचा दिवा बंद करा, यापेक्षा मोठी मदत नाही. हातात धरून, पंख ताणून फोटो काढू नका, खवले बोटाला लागतात ते परत येत नाहीत.

झाडांचं बघायचं तर सुरवंट खाण्यात फार चोखंदळ नाही. दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडं, महारुख अशी बरीच झाडं त्याला चालतात, म्हणून हा पतंग दाट जंगलाइतकाच जंगलाला लागून असलेल्या परसात आणि बागेतही दिसतो. सुरवंट निळसर हिरवा, अंगावर मऊ काट्यांसारखे उंचवटे आणि त्यावर पांढरी मेणाची भुकटी, पूर्ण वाढला की 11 सेंटीमीटरच्या आसपास. फार त्रास दिला तर उग्र वासाचा द्रव फवारतो. अंडी पानांच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे बागेत सरसकट कीटकनाशक मारलं की पिढीच्या पिढी जाते आणि कुणाला कळतही नाही. आंबोलीपासून तिलारीपर्यंतच्या पट्ट्यात मिश्र झाडी तोडून एकाच जातीची लागवड होते तेव्हाही हेच होतं, लांबून हिरवंगारच दिसतं पण सुरवंटाच्या ताटात काही उरत नाही.

पतंग दिसायची वाट न बघता त्याचा पत्ता काढायचा असेल तर पावसाळा संपल्यावर कोष शोधा. सुरवंट पान गुंडाळून आत तपकिरी, कागदासारखा चिवट कोष विणतो, आणि विणायच्या आधी पानाचा देठ रेशमाने फांदीला पक्का बांधून ठेवतो, म्हणजे पान वाळलं तरी गळून पडत नाही. हवा कोरडी असेल तर आतला जीव काही महिनेसुद्धा थांबून राहू शकतो. म्हणून हिवाळ्यात दालचिनीच्या किंवा पेरूच्या हिरव्या झाडावर एकच वाळकं गुंडाळलेलं पान लटकताना दिसलं तर देठाशी नीट बघा, रेशमाची चकाकी आहे का. असेल तर तोडू नका, झाडाचं नाव, ठिकाण आणि तारीख लिहून आयनॅचरलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो टाका. वरच्या टोकाला भोक पडलेलं असेल तर पतंग निघून गेलाय, पण तो रिकामा कोषही पुरावाच आहे, सुरवंट याच झाडावर वाढला याचा.